जातिवंत नर कुत्रा : वंशासाठीं राखावा कीं खच्ची करावा ?

कुत्र्यासारख्या क्षुल्लक विषयावर या मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. उंसाचा भाव, खताची टंचाई, पाटाच्या पाण्याची पाळी हे प्रश्न दारांत उभे असतां ही कुत्र्याची गोष्ट कोठून काढली, असेंहि कोणी म्हणेल. त्यांस आमचें नम्र उत्तर एवढेंच कीं, ज्याच्या राखणीवर आपण रात्रीं निश्चिंत निजतों, त्याचा विचार वर्षांतून एकदां तरी करणें हें आपलें कर्तव्य आहे. शिवाय प्रस्तुत प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. आपल्या दारचा जातिवंत नर वंशासाठीं राखावा कीं खच्ची करावा, या निर्णयावर त्या एका जनावराचेंच नव्हे, तर त्याच्या पोटच्या शेंकडों पिलांचें, शेजाऱ्यांच्या पोराबाळांचें आणि आपल्या एका नामांकित देशी जातीचें बरेंवाईट अवलंबून असतें. हा निर्णय आम्हांस यंदां स्वतःच्या घरीं करावा लागला. तो करतांना जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या सांगोला, आटपाडी, जत या टापूंत आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटकडे कारवानी कुत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. उंच पाय, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, लांब निमुळतें तोंड आणि वाऱ्याशीं पैज घेणारी धांव, हीं त्याचीं लक्षणें. मुधोळ संस्थानचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीची आस्थेनें जोपासना केली आणि तिची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली. तेव्हांपासून ‘मुधोळ हाऊंड’ हें नांव प्रचारांत आलें. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत ही एक होती. मुधोळजवळ तिम्मापूर येथें कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वानसंशोधन केंद्र आहे. २०१६ सालीं भारतीय लष्करानें या जातीचीं पिलें मेरठ येथें शिक्षणासाठीं नेलीं, आणि २०२० च्या ऑगस्टांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणांत देशी कुत्रे पाळण्याविषयीं सांगतांना हिचा नांवानिशीं उल्लेख केला.

हा गौरव आम्हां सर्वांस अभिमानास्पद आहे, परंतु त्याचें एक वाईट फळहि दिसूं लागलें आहे. ज्याच्या दारांत कारवानी नर बांधलेला आहे, त्या प्रत्येकास आपल्या घरीं पैशाचें झाड उगवलें असें वाटूं लागलें. शहरांतून मोटारी घेऊन लोक येतात, कुत्र्याचे चार फोटो काढतात, आणि माजावर आलेली कुत्री आणून बांधतात. बापाचा बाप कोण, याची चौकशी कोणी करीत नाहीं. कित्येक ठिकाणीं शर्यतीच्या हव्यासानें विलायती ग्रेहाऊंडाचा संकर झालेला असतो आणि पिलें मात्र ‘अस्सल’ म्हणून विकलीं जातात. जातीचा बोलबाला वाढला, परंतु जात वाढली असें म्हणवत नाहीं.

आमचा हिऱ्या तीन वर्षांपूर्वीं एका मेंढपाळ गृहस्थाकडून आणला. त्या वेळीं आम्ही महसूलखात्यांत कारकुनी करीत होतों व पिलूं फुकट घेणें बरें दिसलें नसतें, म्हणून रोख पैसे मोजले. पुढें गतवर्षीं आम्ही निवृत्त झालों आणि हिऱ्याहि ऐन तारुण्यांत आला. मग मागण्या सुरू झाल्या. पहिली मागणी आमच्या धाकट्या मेहुण्याची. ‘‘दाजी, एकच वेळ. हिऱ्यासारखें पिलूं माझ्या वस्तीवर हवें,’’ असें तो म्हणाला. दुसरे एक गृहस्थ शहरांतून आले. त्यांनीं दर खेपेस रोख रक्कम व वेतांतील पसंतीचें पहिलें पिलूं देऊं केलें. तिसरा शेजारी. त्याची कुत्री गांवठी, परंतु ‘‘बाप जातीचा असला म्हणजे निम्मी जात आलीच कीं,’’ हा त्याचा हिशेब. आमच्या चिरंजिवांनीं तर मोबाईलवर हिऱ्याची जाहिरात देण्याची तयारीहि चालविली होती. खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन मोहांत पडलें होतें. निवृत्तीनंतर चार पैसे कोणास नकोसे होतात ?

परंतु या विषयांत आमचा एक जुना अपराध आहे, तो येथें कबूल केल्यावांचून पुढें लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. बारा वर्षांपूर्वीं आमच्या घरीं मोत्या नांवाचा असाच एक नर होता. तो रात्रीं मोकळा असे. त्याच्या हिंडण्याचें आम्हांस कौतुकच वाटे. गल्लींतल्या एका कुत्रीला त्याच्यापासून सात पिलें झालीं. तिघांना घरें मिळालीं. दोन पिलें सडकेवर मोटारींखालीं गेलीं. एक कोठें गेलें तें कोणास कळलें नाहीं. उरलेलें एक उपाशी, उनाड वाढलें, आणि वर्षाच्या आंत त्यानें एका मजुराच्या आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. त्या पिलास कोणी लस टोंचलेली नव्हती. कारण तें कोणाचेंच नव्हतें. मुलाची जखम साबणाच्या पाण्यानें धुवून त्यास तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें, सर्व सुया वेळेवर झाल्या, म्हणून तें पोर वांचलें. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदां अंगांत प्रकट झाला म्हणजे त्यावर उतारा नाहीं, हें वाचक जाणतातच. त्या मुलाच्या आईनें आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. तिनें बोलून दाखविलें असतें तर आम्हांस थोडें हलकें वाटलें असतें. साऱ्या गांवच्या जमिनींची आणि वारसांची नोंद आमच्या हातून होत होती, परंतु आमच्याच कुत्र्याचीं पिलें कोठें गेलीं याची नोंद आम्हीं ठेविली नव्हती.

मोत्याचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. त्याच्या इंद्रियांतून रक्त ठिबकूं लागलें. आरंभीं आम्हांस तें लघवीचें दुखणें वाटलें. पशुवैद्यांनीं पाहून सांगितलें कीं, ही संगापासून होणारी गांठ आहे. रोगी जनावराच्या गांठींतील पेशीच निरोगी जनावराच्या अंगांत रुजतात व तेथें वाढतात. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत हा रोग पुष्कळ आढळतो. दर आठवड्याला एक याप्रमाणें शिरेंतून औषध देऊन मोत्या बरा झाला, परंतु तोंवर त्यानें तो रोग किती कुत्र्यांस दिला असेल, हें देवासच ठाऊक. नराला एकदोनदां सोडल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं, असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

इतका अनुभव गांठीं असूनहि हिऱ्याच्या वेळीं आम्ही डगमगत होतों. शेवटीं आमच्या मंडळींनींच आमचे डोळे उघडले. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, गाईला रेतन करायचें तर तुम्ही वळूचा नंबर विचारतां, त्याच्या आईचें दूध विचारतां. ह्या हिऱ्याच्या आईबापांचें कधीं विचारलेंत काय ?’’ या प्रश्नावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. खरोखर आपण शेतकरी लोक या बाबतींत अडाणी नाहीं. खिलार खोंड जन्मला म्हणजे त्याची शिंगें, खूर, खांदा, चाल, स्वभाव हीं सारीं पाहून मगच तो वळू म्हणून राखावयाचा कीं औताला घालावयाचा, हें आपण ठरवितों. शंभर खोंडांतून एकदोनच वळू होतात. बाकीच्यांचे बैल होतात. यांत कोणास अन्याय वाटत नाहीं. मग दारच्या कुत्र्याला हा न्याय कां लावूं नये ?

कोणी म्हणतील, आमच्या कुत्र्याला तर वंशावळीचा कागद आहे. कागदांत आमचा जन्म गेला, म्हणून त्याविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस असावा. सात-बाराच्या उताऱ्यावर नांव चढलें म्हणजे जमीन कोणाची हें कळतें. ती काळी कीं मुरमाड, तिला पाणी आहे कीं नाहीं, याचा निकाल शेतांत उभें राहूनच लागतो. वंशावळीच्या कागदाचेंहि तसेंच आहे. कुत्रा कोणाच्या पोटचा हें तो सांगतो. तो निरोगी आहे, शहाणा आहे, वंश वाढविण्यास योग्य आहे, असें कागद म्हणत नाहीं. आणि आपल्याकडील बहुतेक कारवानी कुत्र्यांना तर तोहि कागद नसतो. म्हणून आधीं जनावर पहावें, मग त्याचें घराणें पहावें, आणि कागद शेवटीं पहावा.

पहावयाचें तें काय ? आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यांशीं दोनदां बसून आम्हीं हें समजून घेतलें. नर दोन वर्षांचा होईपर्यंत हा प्रश्नच काढूं नये. कारण अंगाची वाढ आणि स्वभाव हीं दोन्हीं तोंवर पक्कीं झालेलीं नसतात. दोन्ही वृषण पिशवींत उतरलेले असावे. पिलूं दोन महिन्यांचें होतां होतां ते बहुधा उतरतात. सहा महिन्यांनंतरहि एक जरी पोटांत राहिला, तरी तो नर वंशासाठीं बाद समजावा. कारण हा दोष पिढीजात चालतो आणि पोटांत राहिलेल्या वृषणांत गांठ होण्याची भीति अधिक असते. दांत, डोळे, हृदय, खुब्याचे सांधे आणि चाल पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. संगापासून होणारे रोग नाहींत, याची खात्री करावी. सर्वांत मुख्य म्हणजे स्वभाव पहावा. राखणीचा कुत्रा सावध असावा. भित्रा असूं नये. भित्रा कुत्रा चोरास चावत नाहीं, तो घरीं आलेल्या पाहुण्यास व पोरांस चावतो; आणि भित्रेपणाचा बराच भाग रक्तांतून उतरतो.

हे निकष हातीं घेऊन आम्हीं हिऱ्याकडे पाहिलें. रूपाला तो दृष्ट लागण्यासारखा आहे. धांवण्यांत त्याचा हात धरणारा आसपास नाहीं. परंतु फटाका वाजला कीं तो माजघरांत शिरतो, आणि परका माणूस एकदम पुढें आला तर दांत विचकून अंगावर जातो. याला आम्ही आजवर ‘पाणीदारपणा’ म्हणत होतों. तें भय आहे, असें पशुवैद्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्यानंतर आम्ही मुद्दाम एसटीनें त्या मेंढपाळाच्या वाड्यावर गेलों. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. हिऱ्याची आई ही हिऱ्याच्या बापाचीच मुलगी होती. जवळ दुसरा नर नव्हता, म्हणून तसें घडलें. वेतांत सहा पिलें झालीं. त्यांतल्या एका नराचा एक वृषण कधींच उतरला नाहीं, आणि एक मादी जन्मतःच दुबळी निघून गेली. इतक्या जवळच्या नात्यांत जोड लागली म्हणजे दोन्हींकडचे लपलेले दोष एकत्र येऊन वर निघतात, हें आपण गुरांतहि पाहतों. आमचा हिऱ्या स्वतः निरोगी दिसतो; परंतु त्याच्या रक्तांत काय दडलें आहे, याचा दाखला त्याच्या भावंडांनीं दिलेला होता. परतीच्या वाटेवर आमचा निश्चय झाला.

आतां खच्ची करण्याविषयीं जे समज रूढ आहेत, त्यांचा थोडक्यांत परामर्श घेतों. पहिला समज असा कीं, नराला एकदां तरी लावल्यावांचून तो शांत होत नाहीं. वस्तुस्थिति उलट आहे. एकदां गोडी लागलेला नर माजावरच्या कुत्रीच्या वासानें अधिकच बेभान होतो, दावें तोडतो आणि मैलोगणती भटकतो. दुसरा समज, खच्ची केला म्हणजे राखण सुटते. राखण ही घराच्या मायेंतून व सावधपणांतून येते. ती शस्त्रक्रियेनें जात नाहीं. तिसरा समज, नर अपुरा राहतो व त्याचा शाप लागतो. अशा मंडळींस आम्ही इतकेंच विचारतों कीं, बेंदराला आपण ज्याची पूजा करतों, ज्याच्या शिंगांना रंग देऊन पुरणपोळीचा घांस भरवितों, तो बैल कोण असतो ? त्याला कोणीहि अपुरा म्हणत नाहीं. तो शेताचा धनी आहे.

परंतु खच्चीकरण हें सर्व दुखण्यांवरचें औषध आहे, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. लाभ आहेत ते असे : वृषणांची गांठ होण्याचें भय समूळ जातें, म्हातारपणीं नरांना प्रोस्टेट ग्रंथि वाढून जो त्रास होतो तो बहुतांशीं टळतो, भटकणें व त्यामुळें होणारे अपघात आणि मारामाऱ्या कमी होतात. तोटे आहेत ते असे : भूक तशीच राहून अंगाची गरज घटते, म्हणून अन्न सुमारें चतुर्थांशानें कमी न केल्यास कुत्रा लठ्ठ होतो. भयामुळें चावणारा कुत्रा केवळ या उपायानें सुधारतोच असें नाहीं. त्याला शिकवणूकच हवी. आणि घाई केल्यास हाडांचें नुकसान होतें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं २०१३ सालीं गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचे कागद तपासून असें दाखविलें कीं, वर्षाच्या आंत खच्ची केलेल्या नरांत खुब्याचा विकार न केलेल्यांच्या सुमारें दुप्पट आढळला. पुढें २०२० सालीं तेथेंच पस्तीस जातींचा तपास झाला, तेव्हां हा धोका जातीजातींत वेगळा असतो व लहान चणीच्या कुत्र्यांत तो फारसा नसतो असें दिसलें. कारवानी हा उंच हाडापेराचा कुत्रा आहे. म्हणून त्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे दीड वर्षापर्यंत तरी, दम धरावा आणि तोंवर त्यास कुत्रीपासून दूर ठेवावें, हा आम्हांस मिळालेला सल्ला योग्य वाटतो.

आणखी एक गोष्ट कारवानी पाळणारांनीं गांठ मारून ठेवावी. या जातीच्या अंगावर चरबी फार थोडी असते. त्यामुळें भूल देण्याच्या कांहीं जुन्या औषधांचा अंमल अशा सडपातळ धांवऱ्या कुत्र्यांवर फार वेळ टिकतो व जनावर लवकर शुद्धीवर येत नाहीं. आपला कुत्रा या जातीचा आहे, हें पशुवैद्यांस आधींच सांगावें व योग्य औषध वापरण्याची विनंति करावी. खोंड बडविण्याचा घरगुती प्रकार कुत्र्यावर करण्याचें तर कोणी मनांतहि आणूं नये. तें क्रौर्य आहे, आणि त्यांत जनावर दगावतें.

हिऱ्याची शस्त्रक्रिया माघांत झाली. संध्याकाळीं तो झिंगत घरीं आला, दुसऱ्या दिवशीं भाकरी खाल्ली आणि दहा दिवसांनीं टांके निघाले. जखम चाटूं नये म्हणून गळ्यांत घातलेली टोपली पाहून शेजारचीं पोरें हंसलीं, इतकाच काय तो उपसर्ग. शस्त्रक्रियेनंतरहि कांहीं आठवडे नराच्या अंगीं बीज शिल्लक राहूं शकतें, म्हणून महिनाभर त्यास कुत्रीजवळ जाऊं दिलें नाहीं. रात्रीं तो पूर्वीप्रमाणेंच अंगणांत कान टंवकारून बसतो. परक्या माणसाची भीति घालविण्याचा अभ्यास आमच्या मंडळींनीं मनावर घेतला आहे. शहरच्या गृहस्थांनीं मात्र आमची गणना मूर्खांत केली, आणि मेहुणा महिनाभर रुसून होता.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सर्वांनींच आपले नर खच्ची केले तर ही जात उरावयाची कशी ? विलायती कुत्र्यांचें वेड अगोदरच वाढलें आहे. त्यांत देशी नरांचा वंश आपणच बंद केला तर मुधोळच्या राजांनीं राखलेलें धन आपल्या पिढींत बुडेल. हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सरसकट खच्ची करा, असें आम्ही म्हणत नाहीं. जो नर वरच्या साऱ्या कसोट्यांस उतरतो, ज्याचें घराणें ठाऊक आहे आणि ज्याचीं भावंडें निर्दोष आहेत, तो अवश्य राखावा; त्यास खच्ची करणें हीच चूक ठरेल. असे नर एक नव्हे, अनेक हवेत. कारण शर्यत जिंकलेल्या एकाच नराकडे साऱ्या टापूंतल्या कुत्र्या नेल्या, तर तिसऱ्या पिढीला सगळींच पिलें एकमेकांचीं भावंडें होतात, आणि हिऱ्याच्या घराण्यांत जें झालें तेंच साऱ्या जातीचें होतें. वंश राखणें म्हणजे पिलांची संख्या वाढविणें नव्हे. निवडलेल्या थोड्या जनावरांकडून, नातें टाळून, जबाबदारीनें पिलें घेणें होय.

जबाबदारीचा हिशेबहि साधा आहे. एका नराला वर्षांत चार कुत्र्या लावल्या आणि प्रत्येक वेताला सहा पिलें धरलीं, तर वर्षाला चोवीस व सहा वर्षांत एकशेंचव्वेचाळीस पिलें होतात. इतकीं चांगलीं घरें आपल्या पंचक्रोशींत आहेत काय ? पूर्वीं हा कुत्रा शिकारीसाठीं पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार बंद झाली. सशामागें कुत्रा सोडणें हा आज गुन्हा आहे. तेव्हां या कुत्र्याला काम उरलें तें राखणीचें, आणि राखणीला घरटीं एक पुरे होतो. कुत्री त्रेसष्ट दिवसांच्या सुमारास विते. वेदना, धोका व दूध पाजण्याचा भार तिच्या वांट्याला येतो. नरवाला मात्र पैसे खिशांत घालून मोकळा होतो. हें मोकळेपण संपलें पाहिजे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें विक्रीसाठीं कुत्र्यांची पैदास करणारानें राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणें आवश्यक आहे, आणि आठ आठवड्यांच्या आंतलें पिलूं विकतां येत नाहीं. खेड्यापाड्यांत हे नियम किती जणांच्या कानांवर गेले आहेत, हें आम्ही सांगण्याची गरज नाहीं.

म्हणून आपल्या संघापुढें आम्ही एक सूचना नम्रपणें ठेवतों. संघाच्या कचेरींत कारवानी कुत्र्यांची एक नोंदवही घालावी. तींत जनावराचें नांव, जन्मतारीख, रंग व खूण, आईबाप, आजाआजी, लस टोंचल्याची तारीख आणि पशुवैद्याचा शेरा असे रकाने असावेत. वंशासाठीं कोणता नर राखला व कोणता खच्ची केला, याचा उल्लेख व्हावा. पुढें जी जोड लागेल ती कोणाची कोणाशीं, पिलें किती झालीं, कोणास दिलीं व तीं वर्षानंतर कोठें आहेत, हें लिहिलें जावें. एका नराला वर्षाकाठीं दोन-तीन वेतांपलीकडे वापरूं नये, आणि पिलांना घरें ठरल्यावांचून जोडच लावूं नये, एवढे दोन निर्बंध सभासदांनीं आपखुषीनें पाळावे. याला खर्च एका जाड वहीचा. लिहिणारा हवा असेल, तर आमचें अक्षर अजून वाचण्यासारखें आहे, आणि निवृत्त माणसाला वेळेची ददात नसते. हें काम आम्ही विनावेतन करूं.

ज्याच्या दारांत जातिवंत नर असेल त्यानें, कोणी पैसे घेऊन कुत्री आणण्यापूर्वीं, आपल्या मनाशीं तीन प्रश्न विचारावे. याच्या आईबापांची व भावंडांची मला खरी माहिती आहे काय ? हा कुत्रा अंगानें व स्वभावानें असा आहे काय, कीं याच्यासारखीं आणखी सहा जनावरें शेजाऱ्यांच्या अंगणांत असावींत असें मला वाटतें ? आणि तीं सहाहि पिलें उद्यां कोणी परत आणून दारांत सोडलीं, तर मी तीं पोसीन काय ? तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें तर नर राखावा व वहींत नोंद करावी. एकाचें जरी नकारार्थी आलें, तर वाढ पुरी होतांच त्यास पशुवैद्याकडे न्यावें आणि पुढें घरच्या माणसासारखें संभाळावें.

परवां मेहुणा रुसवा सोडून आला. आम्हीं त्यास त्या मेंढपाळाच्या पलीकडल्या वस्तीवरील दुसऱ्या घराण्याची एक मादी पाहून दिली आहे. तिचे आईबाप आम्हीं स्वतः जाऊन पाहिले आहेत. तिला नर कोणता पहावयाचा, तें ती दोन वर्षांची झाल्यावर ठरेल. तोंवर संघाची वही सुरू झालेली असावी, इतकीच आमची इच्छा आहे.